एका गवताचे सव्वासहा गुंठे

१९३७ साली हॉवर्ड डिट्मर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने एका गवताच्या मुळांचा हिशेब छापला. गवत म्हणजे राय. मोहरीची राई नव्हे. गव्हाच्या जवळच्या नात्यातलं, थंड मुलखात पावासाठी पेरतात ते धान्य. आयोवात त्याने एका खोक्यात रायचं एकच रोप वाढवलं. खोकं एक फूट लांब, एक फूट रुंद आणि बावीस इंच खोल. त्यात माती मावली सुमारे ५२ लिटर. चार महिन्यांनी रोप जेमतेम दीड-दोन फूट उंच झालं होतं. ८० फुटवे, ४८० पानं. बांधावर दिसलं असतं तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं.

मग त्याने माती धुऊन काढली आणि मुळं मोजायला घेतली.

मुळं भरली १ कोटी ३८ लाख १५ हजार ७६२. खोडातून थेट फुटलेली मुळं फक्त १४३ होती. त्यांना फुटलेल्या फाट्या साधारण साडेपस्तीस हजार, त्या फाट्यांना आलेल्या उपफाट्या २३ लाख आणि त्यांनाही पुढे फुटलेली बारीक मुळं सुमारे १ कोटी १५ लाख. सरासरी एक मूळ साडेचार सेंटिमीटरचं, म्हणजे बोटाएवढंही नाही. पण सगळी एकापुढे एक ठेवली तर ६२३ किलोमीटर. समृद्धी महामार्गाने नागपूरहून निघालात तर इगतपुरी येते ६२५ किलोमीटरवर. एवढं सगळं ५२ लिटर मातीत.

आणि ही नुसती मुळं. मुळांच्या टोकाशी जी लव असते, ती केशमुळं, त्याने वेगळी धरली. ती निघाली १,४३३ कोटी ५५ लाख ६८ हजार २८८. हा शेवटचा २८८ वाचून मला दर वेळी हसू येतं. केशमुळं अशी एकेक करून कुणी मोजत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली नमुने मोजायचे आणि गुणाकार करायचा. २८८ हे गुणाकाराचं देणं आहे, मोजणीचं नव्हे. तेव्हा आपण १,४०० कोटी धरून चालू. त्या वेळच्या जगात माणसं सव्वादोनशे कोटींच्या आसपास होती. माणशी सहा केशमुळं वाटली असती तरी खोक्यात उरली असती.

एका केशमुळाची लांबी सरासरी पाऊण मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरचा ऐंशीवा हिस्सा. आपला डोक्यावरचा केस त्याच्यापुढे पाच-सहापट जाड. केशमूळ म्हणजे स्वतंत्र अवयवही नाही. मुळाच्या सालीतल्या एका पेशीने बाहेर काढलेली नळी आहे, बस. या नळ्यांची एकूण लांबी १०,६०० किलोमीटरच्या वर जाते. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचं अंतर १०,००० किलोमीटर आहे. गवत ध्रुव ओलांडून सहाशे किलोमीटर पलीकडे गेलं.

एवढ्या मोठ्या आकड्यांशी माझं फारसं जमत नाही, म्हणून मी उलट दिशेने भागाकार केला. त्या खोक्यातली एक घन सेंटिमीटर माती घ्या. हरभऱ्याच्या दोन-चार दाण्यांना पुरेल एवढी जागा. तीत १२ मीटर मूळ आणि २०४ मीटर केशमुळं होती. मावतात कशी? इतकी बारीक असल्यामुळे ती २०४ मीटर केशमुळं त्या मातीतली जेमतेम सव्वादोन-अडीच टक्के जागा घेतात. आकडा अशक्य वाटतो, पण हिशेबाला बसतो. मला ध्रुवापेक्षा हे मातीचं ढेकूळ जास्त भेडसावतं.

आता पृष्ठभाग. मुळं आणि केशमुळं मिळून ६३९ चौरस मीटर. आपल्या मापात सव्वासहा गुंठे. आणि वरच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या ८० फुटव्यांचं आणि ४८० पानांचं मिळून ५१ चौरस फूट. म्हणजे जमिनीखालचं गवत जमिनीवरच्या गवताच्या १३० पटींहून मोठं होतं.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण घेऊ. हावड्याजवळ शिबपूरला आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यान आहे, १७८७ साली सुरू झालेलं. तिथला वड उद्यानापेक्षाही जुना मानतात, वय अडीचशे वर्षांच्या पुढे. विस्तार १८,९१८ चौरस मीटर, म्हणजे १८७ गुंठे, पावणेपाच एकरांना थोडा कमी. जमिनीत रुतलेल्या पारंब्या साडेतीन हजारांच्या वर. घेर जवळजवळ अर्धा किलोमीटर. वटपौर्णिमेला सात फेरे घालायचे म्हटलं तर सूतच साडेतीन किलोमीटर लागेल, आणि उपाशीपोटी तेवढं चालावं लागेल ते वेगळंच. झाडाभोवती उद्यानाने ३३० मीटरचा एक रस्ता बांधला होता. वड तो ओलांडून बाहेर गेला. उंचीत मात्र त्याने फारशी हौस केलेली नाही, पंचवीस मीटरच्या आत.

या वडाचा मूळ बुंधा आज नाही. एकोणिसाव्या शतकात १८६४ आणि १८६७ सालच्या वादळांनी झाड मोडलं, जखमांतून बुरशी शिरली, आणि शेवटी १९२५ साली बुंधा कापून काढावा लागला. घेर पन्नास फुटांच्या आसपास होता. मधलं सगळं गेलं, आणि झाडाला काही झालं नाही. गेली शंभर वर्षं तो वड निव्वळ पारंब्यांवर उभा आहे. २०२० च्या अम्फान वादळात बराच मार बसला, तरी उभा आहे.

अठराव्या शतकात कंपनीच्या नोकरीत असलेल्या जेम्स फोर्ब्सने भडोचजवळच्या नर्मदेतल्या बेटावरचा कबीरवड पाहिला होता. त्याच्या नोंदीत साडेतीनशे मोठे बुंधे, तीन हजारांवर लहान, आणि सावलीत सात हजार माणसं आरामात बसतील एवढी जागा असं वर्णन आहे. नर्मदेच्या पुराने त्याआधीच बराच भाग नेला होता, असंही तोच सांगतो. आंध्रात कदिरीजवळचा तिम्मम्मा मर्रिमानू शिबपूरच्या वडाहूनही थोडा मोठा भरतो, १९,१०७ चौरस मीटर. आपल्याकडे संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा वड आहे. आकड्यांत तो या दोघांच्या मागे असेल, पण त्याच्याखाली उभं राहिल्यावर आकडे आठवत नाहीत हेही खरं.

आता १८७ गुंठे विरुद्ध सव्वासहा गुंठे असा सामना लावायचा मोह होतो. अडीचशे वर्षं विरुद्ध चार महिने. वर्षाला पाऊण गुंठा विरुद्ध महिन्याला दीड गुंठा. गवत जिंकलं, टाळ्या! अशी तुलना छापायला सोपी आणि मुळात लबाड. वडाचे १८७ गुंठे ही सावली आहे, रायचे सव्वासहा गुंठे हा पृष्ठभाग. वडाच्या पानापानाचं क्षेत्रफळ धरलं तर ते सावलीच्या कितीतरी पट होईल, आणि त्याच्या जमिनीखालच्या मुळांचा हिशेब तर वेगळाच. शिबपूरचा वड कुणी खोक्यात लावून धुऊन काढलेला नाही. शिवाय डिट्मरच्या रायला खोक्यात शेजारी नव्हता, तण नव्हतं, पाण्याची ददात नव्हती. शेतात दाटीने पेरलेल्या रोपाच्या वाट्याला एवढी मुळं येत नाहीत. तेव्हा कोण मोठं हा प्रश्न सोडून द्यावा. दोघं मोठी कशी होतात, हा प्रश्न जास्त मजेदार आहे, आणि आकड्यांचं गूढ तिथेच सुटतं.

वड जाड होऊ शकतो. गवत होऊ शकत नाही. सगळा फरक इथून सुरू होतो.

वडाच्या सालीखाली सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा एक थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल चढवत जातो. आज सुतळीएवढी असलेली पारंबी उद्या मनगटाएवढी आणि पन्नास वर्षांनी मिठीत न मावणारी होते ती त्यामुळे. लोंबणाऱ्या पारंबीच्या टोकाला हात लावून पाहा. ती मऊ असते, ओढली तर झोका खाते. एकदा जमिनीत रुजली की चित्र पालटतं. वडाच्या कुळातल्या काही झाडांवर झालेल्या अभ्यासात दिसलंय की रुजल्यानंतर पारंबीत ताण धरणारं खास लाकूड तयार होतं आणि पारंबी आखडते. वाकडीतिकडी दोरी ताठ होते. मग तिच्यावर लाकूड चढू लागतं आणि दोरीचा खांब होतो.

गवताला तो थरच नाही. ऊस असो, ज्वारी असो, राय असो, जे खोड जेवढं जाड निघालं तेवढंच राहतं. याचा उत्तम पुरावा म्हणजे बांबू, तोही गवतच. पावसाळ्यात बांबूच्या बेटातून कोंब वर येतो तो आयुष्यभराची जाडी घेऊनच. पुढे तो फक्त उंच होतो. काही जाती एका दिवसात ९१ सेंटिमीटरपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत, पण कंबर तसूभर वाढत नाही. मुळांचंही तेच. गवताचं मूळ जन्मतः बारीक आणि मरेपर्यंत बारीक.

ज्याला जाड होता येत नाही त्याच्यापुढे मोठं होण्याचा एकच मार्ग उरतो, संख्या वाढवायची. म्हणून वडाचे आकडे मीटरात येतात आणि गवताचे कोटीत. १४३ मुळांची साडेपस्तीस हजार, साडेपस्तीस हजारांची २३ लाख. गवताचं गणित हे गुणाकाराचं आहे.

ती १४३ मुळं कुठून फुटली तेही पाहण्यासारखं आहे. दाण्यातून पहिलं जे मूळ निघतं त्याच्या भरवशावर गवत फार काळ राहत नाही. नंतरची कामाची मुळं फुटतात खोडाच्या पेरातून. ज्वारीच्या ताटाशी वाकून बघा. जमिनीलगतच्या पेरातून जाड, गुलाबीसर मुळांची फेर धरलेली रांग सुटलेली दिसते, काही मातीत शिरलेली, काही अजून हवेतच. मक्याची तर हमखास दिसतात. खोडातून निघून हवेतून जमिनीकडे जाणारं मूळ म्हणजे पारंबीच की! ऊस लावणाऱ्याला तर हे रोजचंच. टिपरीला आधी जी मुळं फुटतात ती तात्पुरती. डोळ्यातून कोंब निघतो, कोंबाच्या बुडाला स्वतःची मुळं सुटतात आणि काही आठवड्यांत टिपरीची मुळं कुजून जातात. ऊस पुढचं वर्षभर त्या नव्या मुळांवर जगतो. शिबपूरच्या वडाचं १९२५ साली जे झालं, तेच प्रत्येक ऊस दर लागणीला करतो. वडाला त्यासाठी दीडशे वर्षं, दोन वादळं आणि बुरशी लागली.

वेग बघा. चार महिन्यांची सरासरी काढली तर ते रायचं रोप दिवसाला १ लाख १५ हजार नवी मुळं काढत होतं, लांबी पाच किलोमीटर. केशमुळं दिवसाला बारा कोटींच्या जवळ, म्हणजे सेकंदाला चौदाशेच्या आसपास, लांबी ८८ किलोमीटर. दोन्ही मिळून तासाला पावणेचार-चार किलोमीटर. साधारण वारकऱ्याच्या चालीने, पण मुक्काम न करता, रात्रंदिवस चार महिने. सुरुवातीला अर्थातच हळू आणि शेवटी याहून कितीतरी जोरात.

एवढी धावाधाव कशासाठी? पाण्यासाठी, आणि त्याहून जास्त स्फुरदासाठी. नत्र पाण्याबरोबर वाहून मुळापाशी येतं. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून बसतं आणि जागचं हलायला तयार नसतं. मुळाभोवतीच्या मिलिमीटरभर जागेतलं संपलं की संपलं; पलीकडचं आपण होऊन येत नाही, मुळालाच तिथे जावं लागतं. पाऊण मिलिमीटरचं केशमूळ नेमकं तेवढंच अंतर ओलांडतं. तिथलं शोषून झालं की नवी जागा, नवं केशमूळ. जुनी थोड्याच दिवसांत मरतात. वडाला घाई नसते. त्याच्याकडे उद्याही आहे आणि पुढचं शतकही. गवताला एका हंगामात सगळं आटपायचं असतं.

सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरणीनंतर पावसाचं तोंड न बघता निघते ती याच जोरावर. कॅन्ससमध्ये एडविन मिलर याने १९१६ साली मका आणि ज्वारीची मुळं उकरून तुलना केली होती. ज्वारीला मक्याच्या दुप्पट उपमुळं आणि पानांचा पसारा मात्र निम्म्याच्या आसपास. पिणारी तोंडं दुप्पट, सांडणारी निम्मी. दुष्काळी भागात मक्याऐवजी ज्वारी का टिकते याचं याहून थोडक्यात उत्तर मला माहीत नाही.

गुणाकाराची ही खोड मुळांपुरती थांबत नाही. पेशीच्या आत जा. भोपाळच्या आयसर संस्थेतल्या गटाने २०२२ साली वडाचा जनुकसंच वाचून काढला. तो निघाला सुमारे ३९ कोटी अक्षरांचा. माणसाचा ३१० कोटींचा. आणि रायचा? सुमारे ७९० कोटींचा. चार महिन्यांत दीड-दोन फूट वाढलेल्या गवताच्या प्रत्येक पेशीत पावणेपाच एकरांच्या वडापेक्षा वीसपट मजकूर आहे, आणि माणसापेक्षा अडीचपट. गव्हाचा तर १,६०० कोटींच्या वर. म्हणून गव्हाला वडाहून जास्त अक्कल आहे असं नाही. जनुकांच्या संख्येत अशी तफावत मुळीच नाही. रायच्या मजकुरातला ८५-९० टक्के भाग म्हणजे स्वतःच्या नकला काढत इकडेतिकडे जाऊन बसणारे डीएनएचे तुकडे. एकच ओळ लाखो वेळा छापलेला ग्रंथ. सगळीच गवतं असा भारा वाहतात असंही नाही. भाताचा संच ३९ कोटींचा आहे, जवळजवळ वडाएवढाच.

जाती मोजा: वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे ज्या गणात येतात त्यात आठशेच्या आसपास. गवतांच्या कुळात अकरा हजारांच्या वर. कुळ आणि गण यांची तुलना करू नये हे मान्य, पण अंदाज यायला हरकत नाही. वजन मोजा: जगात दरवर्षी कापला जाणारा ऊस १९० कोटी टनांच्या घरात जातो, दुसरं कुठलंच पीक वजनात त्याच्या जवळ येत नाही. माणसाच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे निम्मे भात, गहू आणि मका या तीन गवतांतून येतात.

राहिला काळ. इथे निदान वडाचं पारडं जड असेल असं वाटतं. वडाच्या गणाची आणि त्याच्या फळात शिरून परागीभवन करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्यांची जोडी सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीची असावी, असा जनुकांवरून काढलेला हिशेब आहे. गवतं मात्र अलीकडची, डायनोसॉर संपल्यानंतर फोफावलेली, असं पुस्तकांत बराच काळ छापलं जात होतं. ते बदलावं लागलं चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावामुळे.

वरोऱ्याजवळचं पिसदुरा. तिथल्या शेतांत डायनोसॉरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गोळे फोडून आत वनस्पतींच्या सिलिकेचे कण शोधले. गवताच्या पात्याने बोट कापतं ते ज्या सिलिकेमुळे, तिचेच हे कण. पचत नाहीत, कुजत नाहीत, आणि त्यांच्या आकारावरून गवत ओळखता येतं. २००५ साली त्यांनी निष्कर्ष छापला. साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीच्या त्या शेणात किमान पाच तऱ्हांची गवतं होती. पुढे २०११ मध्ये त्यांतली काही भाताच्या नात्यातली असल्याचंही दाखवलं गेलं.

शेण बहुधा टायटॅनोसॉरचं, म्हणजे जमिनीवर चाललेल्या सर्वांत अवजड प्राण्यांच्या घराण्यातलं. त्यांच्या आहारात गवताचा वाटा मात्र थोडाच निघाला. पोट भरायचं ते इतर झाडपाल्यावर, गवत आपलं जाता-जाता तोंडात आलेलं.